मोहिमेवरून परतल्यावरचा हिशेब

सभासदाची बखर लोक अफझलखानासाठी वाचतात, आग्र्यासाठी वाचतात. मी ती करसल्लागाराच्या नजरेने वाचली आणि माझं बोट अडकलं ते लष्कराच्या झाड्यावर, म्हणजे झडतीवर. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीत राजाराम महाराजांसाठी ही बखर लिहिली. तीत शिवाजी महाराजांच्या फौजेचं वर्ष कसं चालायचं ते दिलंय. पावसाळ्यात छावणी. दसऱ्याला फौज बाहेर पडायची. निघताना लहानथोर सगळ्यांच्या सामानाची याद करायची. मग आठ महिने परमुलखात. वैशाखात परतताना आपल्या हद्दीवरच झडती व्हायची. जुनी याद पुढ्यात ठेवून सामान ताडून बघायचं, जास्त निघेल ते हिशेबात धरायचं, भारी किमतीचं असेल तर सरकारात जमा करायचं. मग सरदारांनी महाराजांची भेट घेऊन हिशेब समजवायचा. आणि उलट फौजेचंच काही येणं सरकारकडे निघालं, तर तेही मागून घ्यायचं.

माझ्या धंद्यातला माणूस इथे थबकणारच. जाताना यादी, येताना यादी, फरकावर आकारणी, घेणं निघालं तर परतावा. आयकर खात्याचं सगळं काम या चार ओळींत आलं. पण मला त्यातली एक बारकी गोष्ट फार मोलाची वाटते. हिशेबाची घटका फौजेच्या परतण्याला बांधलेली होती. शिस्त कडक होती, सामान दडवणाऱ्याला शासन होतं. तरीही झाडा व्हायचा तो फौज हद्दीवर पोचल्यावर, आणि हिशेब द्यायचा तो समोर उभं राहून.

मी बरीच वर्षं साताऱ्यात लोकांची विवरणपत्रं भरतो. ऑफिस पोवई नाक्याच्या जवळ. या जिल्ह्यात हा धंदा करायचा म्हणजे फौजी अशील आलेच. आपशिंगे गावाच्या नावापुढे लोक आजही 'मिलिटरी' लावतात, आणि पहिल्या महायुद्धाला गेलेल्या तिथल्या माणसांची आठवण दगडावर कोरून ठेवलेली आहे. फौजी माझ्याकडे येतो तो सुट्टीत. ही सुट्टी आधीच वाटली गेलेली असते. थोडी शेताला, थोडी बहिणीच्या लग्नाला, थोडी बांधाच्या भांडणाला. उरलेल्या एखाद्या दुपारी तो समोर बसतो, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढतो आणि विचारतो, "काका, मागच्या सालचं राह्यलंय. भरता येईल नव्हं?" तो कुठे होता, का राहिलं, हे मी विचारत नाही, आणि विचारलं तरी तो सांगत नाही. पत्त्याच्या जागी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असतं, त्यावरून वायव्य की पूर्व एवढंच कळतं. भरता येईल की नाही, हे मात्र तो कुठे होता यावर ठरत नाही. कॅलेंडरवर ठरतं. असं का, याचा माग काढत मी पार १८६०पर्यंत गेलो.

या देशात आयकर आला तोच फौजेच्या बिलापायी. १८५७चा उठाव मोडून काढताना कंपनीची, आणि मग राणीची, तिजोरी खाली झाली. ती भरायला लंडनहून जेम्स विल्सन नावाचा गृहस्थ आला. 'इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक काढणारा तोच. १८ फेब्रुवारी १८६० रोजी त्याने कलकत्त्यात अंदाजपत्रक मांडलं, २४ जुलैला आयकराचा कायदा अमलात आला, आणि ऑगस्टमध्ये विल्सन तिथेच आजारी पडून वारला. खातं २४ जुलै हा दिवस अजून आयकर दिन म्हणून साजरा करतं. ज्याचं वार्षिक उत्पन्न २०० रुपये होतं त्यालाही या कराने गाठलं: ५००च्या आत दोन टक्के, त्यापुढे चार. गंमत म्हणजे ज्या फौजेचा खर्च भागवायला हा कर बसवला, त्या फौजेतल्या ठराविक पगाराखालच्या अंमलदारांना त्यातच माफी होती. पाच वर्षांनी कर उठला, मग वेगवेगळी नावं घेऊन येत-जात राहिला, आणि १८८६च्या कायद्याने कायमचा मुक्कामाला आला.

१८८६च्या कायद्यात लष्कराबद्दलचं एक कलम फार हुशारीने लिहिलेलं आहे. महिना ५०० रुपयांपर्यंत पगार-भत्ते असलेल्या लष्करी माणसाला कर माफ. पण तो ज्या जागेवर काम करतो, ती जागा मुलकी माणसालाही मिळू शकणारी असेल तर माफी नाही. म्हणजे बंदूक घेऊन उभा असलेल्याला सवलत, आणि वर्दी घालून टेबलावर बसणाऱ्याला नाही. असा बारकावा ज्याने लिहिला, तो लष्करी छावणीत राहिलेला असावा असं मला नेहमी वाटतं.

साध्या शिपायाला यातलं काहीच लागू नव्हतं. १९११नंतर त्याचा पगार महिना ११ रुपये. त्याच्यावर आयकर कसला बसतो? त्याचा कर वेगळा होता, तो म्हणजे शेतसारा. आणि साऱ्याला अशी माफी नव्हती. सारा हप्त्याने भरायचा, थकला तर जमीन सरकारजमा करण्याचा अधिकार १८७९च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने कलेक्टरला दिलेला. फौजेतून मनीऑर्डर यायची, तिच्यातून घरचा थोरला भाऊ तलाठ्याकडे हप्ता भरायचा. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या कितीतरी जमिनी दोन महायुद्धं अशाच टिकल्या. मनीऑर्डर चुकली की सावकार, आणि सावकार आला की कोर्ट.

आता मेसोपोटेमियात चला. १९१५च्या डिसेंबरात कुत-अल-अमारा इथे सहाव्या पूना डिव्हिजनला तुर्कांनी वेढा घातला. या डिव्हिजनमध्ये १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा अशा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. टाउनशेंड पुढे कॉन्स्टँटिनोपलजवळ एका बेटावर आरामात राहिला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. किती जण उपासमारीने आणि रोगाने गेले, याची मोजदाद आजही वाचवत नाही. जे वाचले ते १९१८च्या अखेरीनंतर घरी आले.

या दोन-अडीच वर्षांत गावाकडे काय झालं असेल? मुलगा जिवंत आहे की नाही हेच घरच्यांना ठाऊक नाही. आणि तालुक्याच्या कोर्टात त्याच्या नावे लावलेल्या दाव्याची तारीख पडतेय. प्रतिवादी हजर नाही म्हणून एकतर्फी हुकूमनामा होतोय. त्याने स्वतः कुणावर दावा लावायचा असेल तर मुदत उलटून जातेय. कायद्याच्या नजरेत तो फक्त गैरहजर होता.

महायुद्ध चालू असतानाच सरकारला याची दखल घ्यावी लागली. १९१८ साली भारतीय सैनिकांच्या दाव्यांबाबत एक कायदा झाला, आणि १९२५मध्ये तो नीट बांधून पुन्हा केला. हा १९२५चा कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत सावरून बसलो. इतकी माणुसकीची कलमं मी इंग्रजांच्या कायद्यांत फार थोडी पाहिली आहेत. दावा लावणाऱ्याला समोरचा माणूस सैनिक आहे असं वाटत असेल, तर दाव्यातच तसं लिहायचं. कलेक्टरला कळलं की आपल्या जिल्ह्यातला एक सैनिक कोर्टात हजर राहू शकत नाही, तर कलेक्टरने स्वतः कोर्टाला दाखला पाठवायचा. दाखला आला की कोर्टाने काम थांबवायचं. सैनिक मोहिमेवर असताना त्याच्याविरुद्ध हुकूमनामा झालाच, तर परतल्यावर तो रद्द करून मागता येतो. आणि मुदतीचा हिशेब करताना तो मोहिमेवर होता ते दिवस सरळ वगळायचे.

त्यातच एक तरतूद अशी आहे: सैनिक मोहिमेवर असताना मेला, तर तो मेल्याच्या दिवसापासून त्याच्या वारसाला सरकारी खबर धाडली त्या दिवसापर्यंतचा काळसुद्धा मुदतीतून वगळायचा. आपला माणूस गेला हे घरात कळेपर्यंत कोर्टाचं घड्याळ बंद. ज्याने हे लिहिलं त्याला कुतच्या वेढ्यानंतर गावोगाव काय घडलं ते माहीत असणार. हा कायदा आजही जिवंत आहे, आणि जमिनीच्या खटल्यात अडकलेल्या जवानाला अजून उपयोगी पडतो. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केलीत तर सांगतील.

मग आयकराला हाच न्याय का नाही मिळाला? १९२५च्या कायद्यातलं मुदतीचं कलम अगदी स्पष्ट आहे. ते दावा, अपील आणि कोर्टापुढचा अर्ज यांच्यापुरतंच बोलतं. आयकर अधिकारी म्हणजे कोर्ट नव्हे. १९१८ सालच्या कायद्यांच्या यादीत सातवा कायदा आयकराचा आणि नववा सैनिकांच्या दाव्यांचा. एकाच वर्षात, एकाच विधिमंडळात, दोन आकड्यांच्या अंतराने. पण एकाने दुसऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. कायदे करणाऱ्यांचाही दोष मानता येत नाही. तेव्हा शिपाई आयकर भरतच नव्हता, मग त्याच्या विवरणपत्राची काळजी कोण करणार?

या काळातली एक गोष्ट तेवढी सैनिकाच्या पदरात कायमची पडली. १९२२चा आयकर कायदा झाला त्याच वर्षी, २१ मार्चला, वित्त खात्याने ८७८-एफ क्रमांकाची अधिसूचना काढली आणि अपंगत्वाच्या लष्करी पेन्शनीला करमाफी दिली. हाच कागद १९६१च्या कायद्याखालीही चालू राहिला. २०१९ साली परिपत्रक निघालं की, अपंगत्वामुळे ज्यांना नोकरी सोडावी लागली त्यांनाच ही माफी, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांना नाही. त्यावर वाद पेटला आणि न्यायालयात गेला. शंभर वर्षांपूर्वीचा एक कागद साताऱ्याच्या म्हाताऱ्या सुभेदाराच्या पेन्शनीचं भवितव्य ठरवतो, हे मला अशिलांना समजावून सांगावं लागतं, आणि ते ऐकून 'इंग्रज बरा होता का मग?' असं विचारणारे निघतात. मी उत्तर देत नाही.

जवान विवरणपत्राच्या जाळ्यात आला तो स्वातंत्र्यानंतर बऱ्याच वर्षांनी. खरी गर्दी मी स्वतः पाहिली ती सहाव्या वेतन आयोगानंतर. २००८ साली आयोगाच्या शिफारशी लागू झाल्या, थकबाकी १ जानेवारी २००६पासूनची. पहिल्या वर्षी ४० टक्के, पुढच्या वर्षी ६० टक्के. करमुक्त मर्यादा तेव्हा दीड लाख. ज्या हवालदाराने आयुष्यात आयकराचं नाव काढलं नव्हतं, त्याचा थकबाकीसह पगार एकदम त्या रेषेच्या वर गेला आणि बेळगावच्या पे अकाउंट्स ऑफिसने कर कापून घेतला. तो कमी करायचा तर थकबाकी मागच्या वर्षांत वाटून दाखवायची, म्हणजे कलम ८९ची सवलत, म्हणजे १०-ई फॉर्म. त्या दोन वर्षांत माझ्या बाकड्यावर बसायला जागा नसायची. मराठा लाइट इन्फंट्रीचे, महार रेजिमेंटचे, तोफखान्याचे, सिग्नलचे, सगळे एकाच प्रश्नाने आलेले: "आमच्याकडून पैसं का कापलं?"

तो प्रश्न आजही बदललेला नाही, कारण कापण्याची पद्धत बदललेली नाही. पे ऑफिसला जवानाचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रुप इन्शुरन्स ठाऊक असतो, कारण ते पगारातूनच जातं. त्याची एलआयसी, घराचं कर्ज, मुलांची फी, हे मात्र त्याने कळवायचं असतं, तेही वर्ष संपायच्या आत. हिवाळ्यात जो वरच्या पोस्टवर आहे त्याने पावत्या कुठून पाठवायच्या? त्या गावाकडे ट्रंकेत, आईच्या साड्यांखाली. मग कर जास्त कापला जातो. तो परत मिळवायचा एकच रस्ता, विवरणपत्र. म्हणजे फौजीचं उशिरा राहिलेलं विवरणपत्र बहुतेक वेळा करचुकवेगिरीचं नसतं. सरकारकडे त्याचेच पैसे अडकलेले असतात. सभासदाने लिहिलं होतं की फौजेची बाकी निघाली तर सरकारकडून घ्यावी. इथे ती घ्यायला यायलाच उशीर होतो.

आणि उशिराची मुभा वर्षागणिक आटत गेली, ही खरी गोष्ट. १९२२च्या कायद्यात आकारणी होईपर्यंत केव्हाही विवरणपत्र देता यायचं. १९६१चा कायदा आला तेव्हा आकारणी वर्ष संपल्यावर चार वर्षांची सवड होती. ती पुढे दोन वर्षांवर आली, १९८९च्या सुमारास एका वर्षावर. २०१७-१८च्या आकारणी वर्षापासून तेही वर्ष गेलं आणि ३१ मार्च हा शेवटचा दिवस झाला. २०२१-२२पासून ३१ डिसेंबर. सर्वसाधारण तारीख ३१ जुलै धरली, तर उशिरा येणाऱ्याच्या हातात पूर्वी वीस महिने होते, मग आठ झाले, आता पाच. त्यातही २०१८पासून उशिराची फी लागते, उत्पन्न पाच लाखांवर असेल तर पाच हजार, खाली असेल तर एक हजार. जेव्हा जवानाला विवरणपत्र लागत नव्हतं तेव्हा सवड चार वर्षांची होती. त्याला ते लागायला लागलं तेव्हा सवड संपत आली.

संगणकीकरणाने हे सोपं झालं, असं मला दरवर्षी कुणीतरी ऐकवतं. झालंही आहे, पण शहरात बसलेल्यांसाठी. सुरुवातीला आयटीआर-व्ही नावाचा कागद सही करून १२० दिवसांत बेंगळुरूला साध्या टपालाने किंवा स्पीड पोस्टाने पाठवायचा असे. सही फौजीची हवी आणि फौजी तर लडाखात. मी कागद त्याच्या एपीओच्या पत्त्यावर टाकायचो, तो सही करून परत धाडायचा, आणि या फेऱ्यात बर्फाने वाट बंद झाली की कागदही महिनाभर मुक्काम करायचा. आता कागद मागे पडला, ओटीपी आला. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी. ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. तो मोबाइल एक तर नेटवर्क नसलेल्या ठिकाणी आहे, नाहीतर गावी धाकट्या भावाच्या खिशात आहे आणि भाऊ ट्रॅक्टरवर आहे. वहिनींना मी फोन करतो, त्या बांधावर जाऊन हाक मारतात, ओटीपीची मुदत तोवर उलटलेली असते. मग पुन्हा.

यापेक्षा बोचणारी गोष्ट नव्या आणि जुन्या करप्रणालीतली आहे. १९६१च्या कायद्याखालच्या आयकर नियमांत लष्करी भत्त्यांना माफीच्या मर्यादा दिलेल्या होत्या: १५,००० फुटांपुढे उंचीच्या भत्त्यातले महिना १,६०० रुपये, घुसखोरीविरोधी कारवाईच्या भत्त्यातले ३,९००, अतिसक्रिय फील्ड एरियातले ४,२००. किरकोळ रकमा, पण या देशाने जवानाच्या उंचीची आणि धोक्याची दखल करात घेतली ती एवढीच. ही माफी मिळते जुन्या प्रणालीत. आणि २०२४-२५च्या आकारणी वर्षापासून नवी प्रणाली आपोआप लागू असल्याने, जुनी हवी तर पगारदाराने विवरणपत्र वेळेतच भरलं पाहिजे. उशिरा भरलं की निवड गेली. म्हणजे जो माणूस त्या उंचीवर होता म्हणून त्याला उशीर झाला, त्याच उंचीच्या भत्त्याची माफी तो उशीर झाल्यामुळे गमावतो. असा नियम करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या डोळ्यांपुढे हा माणूसच आलेला नसतो. २०२५-२६च्या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर लागत नसल्याने बऱ्याच जवानांचा हा प्रश्न सुटेल. मागच्या वर्षांचा सुटत नाही.

३१ डिसेंबरही गेला तर काय? २०२२ साली 'अद्ययावत विवरणपत्र' नावाची सोय आली. ती वाढीव कर भरायला आहे, परतावा मागायला चालत नाही. ज्याला आपले पैसे परत हवेत त्याच्यासाठी उरतं १९६१च्या कायद्यातलं कलम ११९(२)(ब): उशीर माफ करा म्हणून वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अर्ज. २०१५च्या परिपत्रकाने अशा अर्जाला सहा वर्षांची सीमा घातली, १ ऑक्टोबर २०२४च्या परिपत्रकाने ती पाच वर्षं केली. एक कोटीपर्यंतचा दावा प्रधान आयुक्तांकडे जातो. आमच्या जवानांचे दावे हजारांत असतात, पण रांग तीच. अर्जात 'खरी अडचण' दाखवावी लागते. मंजूर झाला तरी उशिरा मिळालेल्या परताव्यावर व्याज नाही. एकदा एका नायकाच्या अर्जासाठी कार्यालयात गेलो तेव्हा मला विचारलं गेलं, "हे साहेब सुट्टीवर आले होते ना मध्ये? तेव्हा का नाही भरलं?" नायकाच्या सुट्टीचे दिवस मोजायला बसलेला तो माणूस तरुण होता, कामसू होता, आणि त्याच्या परिपत्रकात सैनिक हा शब्द नव्हता. अर्ज पुढे मंजूर झाला. पण मंजुरी ही मेहेरबानी होती, हक्क नव्हे, हे नायकाला बरोबर कळलं.

अमेरिकेत असं नाही. तिथल्या कायद्यात युद्धक्षेत्रातून बाहेर पडल्यावर १८० दिवसांची मुदत आपोआप मिळते, शिवाय तिथे जाताना मूळ मुदतीतले जितके दिवस उरले होते तितके त्यात मिळवायचे. जखमी होऊन इस्पितळात असेल तर तो काळही धरतात. त्या काळात व्याज-दंड चढत नाही, आणि संरक्षण खातं स्वतःच कर खात्याला नावं कळवतं. अमेरिकेचं सगळं चांगलं असं म्हणणारा मी नव्हे. पण हा नियम माझ्या मते सभासदाच्या झाड्याच्या जास्त जवळ आहे, आपल्या आयकर कायद्यापेक्षा.

आपल्याकडेही पूर आला, तारीख वाढली. कोविड आला, तारीख वाढली. पोर्टल बंद पडलं तरी वाढली. डिसेंबर २०१९मध्ये जम्मू-काश्मीर आणि लडाखच्या करदात्यांना वेगळी मुदत मिळाली होती. तारीख वाढवण्याचा अधिकार केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला आहेच. त्या अधिकारातून एक स्थायी आदेश निघावा, एवढीच माझी मागणी: मोहिमेवर, फील्डवर किंवा परदेशी शांतिसेनेत असलेल्या सैनिकाने तिथे घालवलेले दिवस विवरणपत्राच्या मुदतीतून वगळा, कमांडिंग ऑफिसरचा दाखला पुरावा धरा. मसुदा नव्याने करायची गरज नाही. १९२५च्या कायद्यातला मुदतीचा मजकूर घ्या आणि 'कोर्ट' आहे तिथे 'आयकर अधिकारी' लिहा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे, कलमांचे आकडे बदलले आहेत, नियमही नव्याने आले आहेत. ही दुरुस्ती करायला याहून सोयीची वेळ येणार नाही.

तोवर घरच्यांसाठी थोडं. फौजी सुट्टी संपवून निघायच्या आधी त्याच्याकडून मुखत्यारपत्र करून घ्या. सही करणं शक्य नसेल तेव्हा मुखत्याराने विवरणपत्र भरण्याची सोय कायद्यात आहे, आणि पोर्टलवर त्याला प्रतिनिधी म्हणून नोंदवता येतं. आधारला जोडलेलं सिम घरात कुणाकडे आहे ते ठरवून ठेवा. एलआयसी आणि कर्जाच्या पावत्यांचे फोटो काढून त्याला पाठवा, म्हणजे तो पे ऑफिसला वेळेत कळवील. आणि पलटणीतून फील्ड एरियाचा दाखला मिळाला तर तो जपून ठेवा, अर्ज करायची पाळी आली तर तोच कामाला येतो.